पॉप्युलिस्ट लाटेत गेलेला मतदार मध्यममार्गी पक्षाला परत मिळवता येतो का? टप्प्याटप्प्याने काय करायचं

पोलंडपासून सुरुवात करतो, कारण या प्रश्नाचं हो आणि नाही अशी दोन्ही उत्तरं त्या एका देशात दोन वर्षांच्या आत मिळाली. १५ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत डोनाल्ड टस्क यांच्या मध्यममार्गी आघाडीला मित्रांसह बहुमत मिळालं आणि आठ वर्षं सत्तेत असलेला लॉ अँड जस्टिस पक्ष, म्हणजे पीआयएस, बाहेर गेला. तेव्हा युरोपभर लोक म्हणत होते की बघा, पॉप्युलिझमला हरवता येतं. मग १ जून २०२५ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी आणि शेवटची फेरी झाली, त्यात टस्क यांचे उमेदवार त्शास्कोव्स्की यांना ४९.११ टक्के आणि पीआयएसचा पाठिंबा असलेल्या नाव्रोत्स्की यांना ५०.८९ टक्के. म्हणजे पुन्हा तिथेच.

आता २०२३ चा निकाल नीट बघा. पीआयएस तेव्हाही सगळ्यात मोठा पक्ष होता, ३५.४ टक्के मतं, आणि टस्क यांच्या आघाडीला ३०.७. सरकार बनलं ते इतर दोन आघाड्यांना बरोबर घेऊन, आणि मुख्य म्हणजे मतदान २०१९ च्या जवळपास ६२ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं म्हणून. तरुण आले, बायका आल्या, शहरांत रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या. पण जो माणूस २०१५ पासून पीआयएसला मत देत होता त्यातला फार थोडा हलला.

माझं म्हणणं एवढंच आहे की निवडणूक जिंकणं वेगळं आणि या मतदाराचं समाधान करणं वेगळं, आणि मध्यममार्गी पक्ष पहिलं झालं की दुसरंही झालं असं धरून चालतात, तिथे सगळं बिघडतं. समाधान करता येतं, सगळ्यांचं नाही पण बऱ्याच जणांचं, फक्त त्याचं काम वेगळं आहे आणि ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तुम्ही कुठल्या पक्षात काम करत असाल, एखाद्या उमेदवाराच्या टीममध्ये असाल, किंवा नुसतं राजकारण नीट समजून घ्यायचं असेल तरी हे टप्पे उपयोगी पडतील.

एक खुलासा आधीच करतो. पॉप्युलिस्ट म्हणजे फुकट वाटणारा असं मी इथे धरलेलं नाही. "सामान्य जनता एकीकडे, वरचे भ्रष्ट लोक दुसरीकडे, आणि जनतेचा खरा आवाज फक्त मी" असं जो सांगतो तो. तो डावा असू शकतो, उजवा असू शकतो.

टप्पा १: या मतदाराचा एक गठ्ठा करू नका

पहिली चूक इथेच होते. "ते लोक" असा शब्द मीटिंगमध्ये आला की समजायचं टीम भरकटली. प्रत्यक्षात त्यात निदान चार प्रकारची माणसं असतात. एक, ज्याचं खर्चाचं गणित खरंच बसत नाहीये. दोन, ज्याला वाटतं की आपल्याला कोणी विचारतच नाही, निर्णय वरून येतात आणि आपण फक्त भोगायचं. तीन, ज्याचं एखाद्या विषयावर, म्हणजे युरोपात बहुतेक वेळा स्थलांतरावर, खरोखर वेगळं मत आहे आणि जुन्या पक्षांनी तो विषय वर्षानुवर्षं टाळला. चार, ज्याला कोणालातरी धडा शिकवलेला बघायचाय, मग स्वतःचं काही भलं झालं नाही तरी चालेल.

पहिल्या दोघांचं समाधान मध्यममार्गी माणूस करू शकतो. तिसऱ्याचं अर्धंमुर्धं. चौथ्याचं नाही, आणि करायला जाऊही नये, कारण त्याचं समाधान म्हणजे दुसऱ्या कोणाचातरी अपमान.

हे ओळखायचं कसं? सर्व्हेच्या फॉर्मने कळत नाही, दारावर जाऊनच कळतं, आणि तिथेही काय विचारता त्यावर सगळं आहे. समजा आपल्याकडे तुम्ही एखाद्या गावात गेलात आणि ओट्यावर बसलेले काका म्हणाले, "सगळे एका माळेचे मणी, तुमचं नको नि त्यांचं नको." यावर बहुतेक कार्यकर्ते पत्रक पुढे करतात आणि आमचा नेता कसा वेगळा ते सांगायला लागतात, की काकांनी मान फिरवलीच. त्याऐवजी विचारा, "काका, शेवटचं कुठल्या ऑफिसात गेला होतात, काम झालं का?" मग बघा कसं सगळं बाहेर येतं. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायची होती, तलाठी भेटत नाही, भेटला तर कागद कमी, कागद आणला तर साइट बंद, शेवटी एजंटने पैसे घेऊन दोन दिवसांत करून दिलं. म्हणजे काकांचा राग विचारसरणीचा नाही, त्या खेपांचा आहे, आणि तो दूर करता येण्यासारखा आहे. याच प्रश्नावर जर समोरचा माणूस ऑफिसबद्दल एक वाक्य बोलून लगेच "त्या अमुक जातीचे लोक, त्यांना सगळं मिळतं" यावर घसरला आणि तिथेच राहिला तर तो वेगळा गट. तरी एका भेटीत शिक्का मारू नका, दोन-तीनदा जा, माणसं पहिल्या भेटीत बरंच ऐकीव बोलतात.

टप्पा २: दुखणं कागदावर मांडा, रुपये-पैशात आणि वेळेत

फ्रान्सचं उदाहरण इथे जितकं उपयोगी तितकं दुसरं नाही. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन सुरू झालं. ते जॅकेट का, तर तिथे प्रत्येक गाडीत ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, सगळ्यांकडे होतंच. पॅरिसमधल्या ऑफिसात बसून बघितलं तर इंधनावरचा कर हा पर्यावरणासाठी घेतलेला शहाणपणाचा निर्णय होता. पण लहान गावात राहणाऱ्या, रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवून कामाला जाणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. डिझेल गाडी त्याने घेतली कारण सरकारच कितीतरी वर्षं डिझेल स्वस्त ठेवत होतं. २०१८ मध्ये डिझेलवरचा कर वाढला, जानेवारी २०१९ ला लिटरमागे आणखी साडेसहा सेंट वाढणार होता. जुलै २०१८ पासून छोट्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० केली, म्हणजे वेळही जास्त लागणार आणि कॅमेऱ्यात सापडला तर दंड. जवळचं हॉस्पिटल नाहीतर पोस्ट बंद झालेलं, त्यामुळे गाडीशिवाय पर्याय नाही. आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून फक्त घर-जमिनीपुरता ठेवला.

यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या मंत्रालयाने वेगळ्या कारणासाठी केली होती. पण ती सगळी येऊन पडली एकाच माणसाच्या डोक्यावर. निम्म्याहून जास्त स्पीड कॅमेरे लोकांनी फोडले किंवा झाकले ते उगाच नाही.

म्हणून टीममध्ये बसून एक काम करा. तुमच्या मतदारसंघातलं एक कुटुंब डोळ्यासमोर ठेवा आणि गेल्या पाच वर्षांत वेगवेगळ्या सरकारी निर्णयांनी त्याच्या महिन्याच्या खर्चात आणि वेळेत काय फरक पडला ते एका पानावर लिहा. गॅस, वीज, एसटीची बंद झालेली फेरी, शाळेची बस, दवाखाना किती लांब गेला, सगळं. हे पान तयार नसेल तर जाहीरनामा लिहायला घेऊच नका.

आणि लोकांना विचारलंत तर उत्तर द्या. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी १० डिसेंबर २०१८ ला किमान वेतनावरच्या लोकांसाठी महिना १०० युरोची वाढ वगैरे जाहीर केली, ती योग्यच होती, मग जानेवारी ते मार्च २०१९ मध्ये देशभर चर्चा घेतली. जवळपास १० हजार सभा झाल्या, आणि गावोगावच्या नगरपालिकांत वह्या ठेवल्या, लोकांनी स्वतःच्या हाताने पानंच्या पानं लिहिली. त्या वह्या नंतर जिल्ह्याच्या दफ्तरखान्यांत गेल्या आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिल्या. ज्या बाईने आपल्या पेन्शनचा हिशोब त्या वहीत लिहिला तिला कधी कळलंच नाही की कोणी वाचला का. पुढे २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं तेही संसदेत शेवटचं मतदान न घेता, घटनेतल्या खास कलमाने. मरीन ल पेन यांच्या कडव्या उजव्या पक्षाचे २०१७ ला ८ खासदार होते, २०२२ ला ८९ झाले. विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे असं माझं ठाम मत आहे.

टप्पा ३: आपल्या पक्षाने जे दुखवलं ते आधी परत घ्या

पोलंडमध्ये टस्क यांच्याच पक्षाने २०१२ मध्ये निवृत्तीचं वय ६७ पर्यंत वाढवायचा कायदा केला होता. २०१५ ला पीआयएस जिंकला त्यात याचा मोठा हात होता, त्यांनी ते परत बायकांना ६० आणि पुरुषांना ६५ केलं, शिवाय २०१६ पासून, आधी बहुतेक घरांत दुसऱ्या मुलापासून पुढे, मुलामागे महिना ५०० झ्लॉटी (पोलंडचं चलन) द्यायला सुरुवात केली. टस्क यांच्या बाजूचे बरेच लोक या ५०० झ्लॉटींना नावं ठेवायचे, लोक पैसे उडवतील म्हणायचे. ज्या घरात ते पैसे आले त्या घराने ही नावं ठेवणं पाठ करून ठेवलं. २०२३ च्या प्रचारात टस्क यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की वय वाढवणार नाही, पैसे बंद करणार नाही.

हे केल्याने पीआयएसचा मतदार लगेच आला नाही, पण भीती कमी झाली. पहिलं काम तेवढंच असतं. तुमच्याही पक्षाच्या नावावर असं काहीतरी असणारच, बंद केलेली शाळा, वाढवलेली घरपट्टी, एखाद्या नेत्याचं मतदाराला हिणवणारं वाक्य. ते शोधा, आणि नेत्याच्या तोंडून, त्याच गावात, साध्या शब्दांत मागे घ्या. "परिस्थितीच तशी होती" हे जोडू नका.

टप्पा ४: विषय घ्या, पण नक्कल करू नका

हा सगळ्यात अवघड टप्पा आहे आणि इथे डेन्मार्क आणि ब्रिटन शेजारी ठेवून बघावे लागतात.

डेन्मार्कमध्ये २०१५ ला डॅनिश पीपल्स पार्टी हा स्थलांतरविरोधी पक्ष २१.१ टक्क्यांवर होता. त्याच वर्षी मेट फ्रेडरिक्सन सोशल डेमोक्रॅट्स या मध्यम-डाव्या पक्षाच्या नेत्या झाल्या. त्यांनी स्थलांतरावर पक्षाची लाइन खूप कडक केली, पण फक्त तेवढंच केलं असं जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. दुसरीकडे त्यांनी आर्ने नावाच्या एका बिअर कारखान्यातल्या कामगाराला प्रचाराचा चेहरा केलं, "आता आर्नेची पाळी" अशी घोषणा होती. म्हणणं असं की जो माणूस कोवळ्या वयापासून अंगमेहनत करतोय त्याला आणि पंचविशी-सव्विशीत डिग्री घेऊन कामाला लागलेल्याला एकाच वयात निवृत्त करणं न्यायाचं नाही. सत्ता आल्यावर २०२० मध्ये कायदा केला, वयाच्या ६१ पर्यंत ४२ ते ४४ वर्षं काम झालेलं असेल तर एक ते तीन वर्षं लवकर पेन्शन. २०१९ ला डॅनिश पीपल्स पार्टी ८.७ टक्क्यांवर आली, २०२२ ला २.६ वर.

आता दुसरी बाजू. २०२२ ला डेन्मार्क डेमोक्रॅट्स हा नवा पक्ष त्याच मतदारांपुढे उभा राहिला आणि ८.१ टक्के घेऊन गेला, आणखी एका छोट्या कडक उजव्या पक्षाला ३.७ मिळाले. तिन्ही मिळवले तर साडेचौदाच्या आसपास. म्हणजे २१ वरून कमी झाले, संपले नाहीत. आणि किंमत माणसांनी दिली, म्हणजे ज्या वस्त्यांवर 'पाश्चात्त्य नसलेल्या' रहिवाशांच्या टक्केवारीवरून वेगळे नियम लागले तिथल्या लोकांनी. मला ही किंमत मान्य नाही. आर्नेची पेन्शन द्यायला वस्त्यांवर शिक्के मारायची गरज नव्हती.

ब्रिटनमध्ये नुसती नक्कल झाली. २०१० मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेते कॅमेरॉन म्हणाले निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) 'लाखाच्या आत' आणू, ते त्यांच्या काळात एकदाही आलं नाही. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात तर ते ९ लाखांच्या वर गेलं. म्हणजे भाषा कडक, आकडा उलटा, आणि मतदाराने दोन्ही ऐकलं. मग २०२४ मध्ये लेबर पक्षाचे स्टार्मर पंतप्रधान झाले, मे २०२५ मध्ये त्यांनी आपण 'अनोळखी लोकांचं बेट' होऊ असं भाषण केलं, दीड महिन्यात त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्यामुळे आपला मतदार दुखावला, समोरचा हलला नाही. मरीन ल पेन यांचे वडील ज्याँ-मारी ल पेन नेहमी म्हणायचे की मतदार नकलेपेक्षा असल पसंत करतो, त्यांचं बाकी काही पटत नसलं तरी हे निरीक्षण बरोबर निघतं.

ब्रिटनमधल्या मराठी लोकांना हे लांबचं वाटण्याचं कारणच नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्या आपल्या मुला-मुलींना पाच वर्षांनी कायम राहण्याची परवानगी मिळायची, मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती अट दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव आला. त्याच वर्षी रिफॉर्म या स्थलांतरविरोधी पॉप्युलिस्ट पक्षाने पुढे जाऊन ही परवानगीच रद्द करू म्हटलं. मध्यममार्गी पाऊलभर सरकला की पलीकडचा दोन पावलं पुढे जातो, हे असं चालतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना तिथल्या निवडणुकीत मतदान करता येतं, नाव नोंदवलेलं असेल तर. नोंदवा.

तर या टप्प्याचा नियम असा: विषय टाळू नका, आकडा खरा सांगा, जमेल तेवढंच वचन द्या, आणि वाक्य बोलण्याआधी तपासा की ज्या समाजाबद्दल बोलताय त्यातला माणूस समोर बसला असता तर हेच बोलला असतात का.

टप्पा ५: बोली लावू नका

महाराष्ट्राचं उदाहरण इथे थेट लागू होतं. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये, दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात विधानसभेच्या आधीच हप्ते जमा. मग प्रचारात महायुती म्हणाली २१०० करू, आघाडी म्हणाली ३००० देऊ. निकालात २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांना. निकालाला इतरही कारणं होती, पण एवढं नक्की की ३००० चा आकडा १५०० च्या मेसेजपुढे टिकला नाही. मोबाइलवर बँकेचा मेसेज आलेल्या ताईला कोणीतरी दुप्पट देऊ म्हणतोय याच्यावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. हे सगळेच पक्ष करतात, कर्नाटकात काँग्रेसने केलं, मध्य प्रदेशात भाजपने.

मोठा आकडा सांगण्याऐवजी मिळत असलेल्या पैशातला त्रास काढा. ई-केवायसीच्या वेळी ओटीपी येत नव्हता, नवरा-वडील हयात नसलेल्या बायकांचं काय करायचं हे केंद्रावर कोणी नीट सांगत नव्हतं, त्या वेळी जो कार्यकर्ता लॅपटॉप घेऊन बसला आणि रोज लोकांचं काम करून दिलं, त्याचं नाव वस्तीत राहिलं.

टप्पा ६: पहिल्या वर्षात थोडं, पण दिसेल असं

टस्क यांनी पहिल्या १०० दिवसांसाठी १०० ठोस वचनं दिली होती. शंभर! करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ३० हजार झ्लॉटींवरून ६० हजार करू हे त्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं, ते झालं नाही. राष्ट्राध्यक्ष विरोधी गोटातले, त्यांच्याकडे व्हेटो, आणि आघाडीतही एकमत नाही, गर्भपाताचा कायदा सैल करायचं विधेयक जुलै २०२४ मध्ये सरकारच्याच बाजूच्या काही मतांमुळे २१८ विरुद्ध २१५ ने पडलं. ज्या तरुण मुली २०२३ ला रांगेत उभ्या होत्या त्यांना काय सांगणार? २०२५ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत मेन्त्सेन आणि ब्राउन या आणखी कडव्या उमेदवारांना मिळून २१ टक्के मतं पडली.

ब्रिटनमध्ये उलट चूक, वचन मोडलं नाही पण सुरुवातच काढून घेण्याने केली. स्टार्मर सरकारने सत्तेत येऊन महिना व्हायच्या आत पेन्शनरांचा हिवाळ्यातला इंधन भत्ता बहुतेकांचा बंद करायचं जाहीर केलं, मग जून २०२५ मध्ये बराचसा परत दिला. परत दिल्याचं श्रेय कोणी देत नाही.

त्यामुळे वचनं लिहिताना प्रत्येकासमोर लिहा की हे कोणाच्या सहीने होतं. आपल्याच सहीने होणारी तीन निवडा, तीच मोठ्याने सांगा. बाकीची "प्रयत्न करू" म्हणून वेगळी ठेवा आणि अडली तर कोणी अडवली ते त्याच आठवड्यात सांगा, वर्षाने नाही.

टप्पा ७: मोजायचं कसं

पक्षाची टक्केवारी बघून समाधान झालं की नाही ते कळत नाही, पोलंडने ते दाखवलंच. टप्पा १ मध्ये ज्या घरी गेला होतात त्याच घरी सहा महिन्यांनी जा आणि तेच विचारा, ऑफिसात काम झालं का. वहीत तीन गोष्टी लिहा: काम झालं का, झालं असेल तर कोणामुळे झालं असं त्या घराला वाटतं, आणि आता राग कोणावर आहे. काम झालं पण "एजंटमुळे झालं" असं उत्तर येत असेल तर अजून काही मिळवलेलं नाही. काम झालं, श्रेय यंत्रणेला दिलं, तरी मत तिकडेच जाणार असेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्या घरातून पुढच्या खेपेला निदान भीतीने मतदान होणार नाही.

आणि जुन्या पॉप्युलिस्ट पक्षाची मतं घटलेली दिसली की लगेच शेजारच्या नव्या पक्षाचे आकडे त्यात मिळवून बघा, डेन्मार्कसारखी बेरीज करून. स्वतःचे जुने मतदारही त्याच तक्त्यात ठेवा. नोव्हेंबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत फ्रेडरिक्सन यांच्या पक्षाच्या हातून कोपनहेगनचं महापौरपद गेलं, शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांच्याकडे असलेलं, आणि ते गेलं त्यांच्या डावीकडच्या पक्षाकडे.